डिकॉय मांडले तरी कावळे लांबूनच वळतात : कुठं चुकतंय? (इंग्लंड, मेंढ्यांचा वीण-हंगाम)

बांधावरून
मार्च महिना, इंग्लंड. गवताच्या रानात मेंढ्या विताहेत आणि कॅरियन क्रो (तिकडचा काळा कावळा) नुकत्या जन्मलेल्या कोकरांचे डोळे आणि जिभा टोचताहेत. शेतमालकाची लेखी परवानगी आहे, परवान्याच्या अटी वाचल्या आहेत. मांडणी अशी: प्लास्टिकचे १२ नकली कावळे (डिकॉय) एका घोळक्यात, मधोमध कबुतरांसाठी वापरतात ते फिरत्या हातांचं यंत्र, लपण (दडून बसायची जागा) हेजच्या, म्हणजे झुडपी कुंपणाच्या, कडेला एकेरी जाळीचं, डिकॉय लपणापासून ३५ मीटरवर. बंदूक बारा बोअर, काडतूस ३० ग्रॅम, छर्रे ६ नंबर.
कावळे येतात, ७०-८० मीटरवर एकदम उंची घेतात, समोरच्या ओकवर बसून कल्ला करतात आणि मग तासभर कोणी फिरकत नाही. नेमकं काय बदलायचं? मुद्द्याचं सांगा.

लपणवाला
उंची कुठं घेतात यावरून दोष कळतो. १५० मीटरवरूनच वाट बदलली तर डिकॉयची मांडणी किंवा यंत्र खटकलं. ७०-८० वर येऊन झटक्यात वर गेले तर माणूस दिसला. अगदी ३०-४० वर येऊन घिरटी घातली आणि मग निघून गेले तर वरून दिसला, म्हणजे लपणाला छप्पर नाही. तुमच्या बाबतीत बहुधा तिन्ही एकत्र आहेत, पण सुरुवात लपणापासून करा. डिकॉय हा दुसरा प्रश्न. कावळ्याला तुम्ही दिसलात तर डिकॉय कितीही देखणे असोत.

एकेरी जाळी मार्चमध्ये पुरत नाही. हेजला पानं नसतात, त्यामुळे मागून उजेड येतो आणि जाळीत बसलेला माणूस सावलीच्या खेळासारखा दिसतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा गडद हवी. मागं दुहेरी जाळी, तिच्यात त्याच हेजमधल्या वाळक्या काटक्या, आयव्हीचे वेल, जुनं गवत खोचायचं. पुढची जाळी बसल्यावर हनुवटीपर्यंत, तिच्यातून आरपार बघता यावं, वरून डोकावून नाही. छप्पर म्हणून डोक्यावर जाळीचा अर्धा पट्टा मागून पुढं ओढायचा आणि बंदूक वर काढायला समोर साधारण हातभर फट ठेवायची. खांब चार नाही, पाच किंवा सहा, उंची थोडी कमीजास्त. चौकोनी डबा रानात कुठंच नसतो, कावळ्याला ते कळतं.

चेहऱ्यावर जाळी आणि हातमोजे हे ऐच्छिक नाहीत. वर बघणारा गोरा काय, सावळा काय, कुठलाही चेहरा उन्हात चमकतो. त्याखालोखाल चमकतात त्या वस्तू: काडतुसांची पितळी बुडं, थर्मासचं झाकण, फोन, चष्मा. काडतुसं खिशात, पिशवीवर रांगेत नाही.

रूक_नव्हे_क्रो
+१. त्यात भर: गाडी ३००-४०० मीटर लांब, शक्यतो गोठ्याजवळ इतर गाड्यांत. आणि लपणात उजाडण्यापूर्वी किमान अर्धा तास शिरलेलं असावं. कावळा रातथाऱ्यावरून पहिल्या उजेडात निघतो आणि मेंढ्यांच्या रानावर सगळ्यात आधी चक्कर मारतो, कारण रात्री व्यालेल्या मेंढ्यांची पडलेली वार तेव्हा ताजी असते. सकाळी नऊ वाजता जाळ्या ठोकायला घेतल्या तर ओकवरून तो सगळं बांधकाम बघतो. मग डिकॉय मांडणं म्हणजे त्याला घराचा पत्ता देणं.

शक्य असेल तर रानात आधीपासून पडून असलेले गवताचे मोठे गठ्ठे वापरा. त्यांना कावळे सरावलेले असतात. आठवडाभर आधी तीन-चार गठ्ठे U च्या आकारात लावून ठेवायला शेतकऱ्याला सांगितलं, तर जाळीची निम्मी गरजच संपते.

मुरघास
आता यंत्राबद्दल. ते काढा. फिरणाऱ्या पंखांची झगमग कबुतराला बोलावते, कारण कबुतरं उतरताना पंखांवरचे पांढरे पट्टे दाखवतात आणि बाकीचा थवा त्याच खुणेवर उतरतो. कावळ्याच्या पंखावर तशी खूणच नाही. काळा पक्षी एकाच वर्तुळात, एकाच वेगानं, दर चार सेकंदांनी त्याच ठिकाणी परत येतोय हे बघून अनुभवी कावळा खाली येत नाही. एखाद्या दिवशी यंत्र लावलं आणि कावळा आलाही, तर ते कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

बांधावरून
पण हालचाल शून्य असलेली मांडणी मेल्यासारखी दिसत नाही का?

मुरघास
दिसते, म्हणून किंचित हालचाल हवी. एका डिकॉयची काठी लवचीक स्टीलची घ्या, वाऱ्यानं तो मान खाली-वर करतो. बाकीचे घट्ट. सगळेच डुलायला लागले की बाजारातला पाळणा होतो. प्लास्टिकच्या शरीरात काठी ज्या भोकात बसते ते भोक झिजून मोठं होतं आणि जोराच्या वाऱ्यात कावळा भोवऱ्यासारखा गोल फिरतो. भोकात रबरी नळीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा कोंबला की काम झालं.

लपणवाला
बारा कावळ्यांचा घोळका हा मार्चमधला सगळ्यात मोठा खोटेपणा. कॅरियन क्रो या काळात जोडीनं राहतो, स्वतःची हद्द राखतो, परक्याला हाकलतो. रूक (कावळ्याचाच एक भाऊबंद) वसाहतीत राहतात आणि थव्यानं चरतात. क्रोचं तसं नाही. वसंतात ३ ते ५ डिकॉय पुरे. कसे मांडायचे ते सांगतो:

दोन जमिनीवर, एकमेकांपासून दीड-दोन मीटर, डोकी खाली, म्हणजे चरणारे. तिसरा त्यांच्यापासून ५-६ मीटर बाजूला, डोकं वर. चौथा कुंपणाच्या खांबावर, राखणदार म्हणून. हा खांबावरचा सगळ्यात आधी दिसतो आणि सगळ्यात जास्त काम करतो. तोंडं ढोबळमानानं वाऱ्याकडे, पण सैनिकांसारखी एका रेषेत नकोत. कोणी थोडं डावीकडे, कोणी उजवीकडे. वाऱ्याच्या दिशेकडून उलट पाठ केलेला एकही नको, शेपटीत वारा घुसला की पिसं उलटतात म्हणून खरा कावळा तसा उभा राहत नाही.

अंतर: सगळ्यात जवळचा १८-२०, सगळ्यात लांबचा २५ मीटर. मध्ये ८-१० मीटरची मोकळी जागा ठेवा, उतरणारा कावळा तिथं येतो. वारा तुमच्या पाठीमागून किंवा तिरका हवा, कारण पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतो, म्हणजे तुमच्या समोरून येतो. तुम्ही डिकॉय ३५ वर ठेवले होते. कावळा डिकॉयच्या अलीकडे कधीच येत नाही असं धरा, तो पलीकडून फेरी मारतो. म्हणजे नेम ४५ वर पडणार, आणि तिथं बारा बोअर पक्षी मारत नाही, जखमी करते. ३५ मीटर ही शेवटची मर्यादा, ती मोजून तिथं एक वाळकी काठी रोवा. अंदाजावर सोडू नका, मोकळ्या रानात अंतर नेहमी कमी वाटतं.

काडतूस_काका
काडतुसाचं बरोबर आहे. ३० ग्रॅम ६ नंबर म्हणजे २.६ मिलिमीटरचे साधारण २८५ छर्रे, कावळ्याला भरपूर. ५ नंबरही (२.८ मिमी) चालतो. चोक (नळीच्या तोंडाची अरुंदी) पाव किंवा अर्धा, त्याहून घट्ट नको.
शिसं सोडून स्टीलवर जात असाल तर दोन नंबरांनी जाड छर्रा (नंबर लहान तितका छर्रा जाड): शिशाच्या ६ ऐवजी स्टीलचा ४ (३.१ मिमी). स्टील हलकं, घनता ७.८, शिशाची ११.३, त्यामुळे वेग लवकर मरतो. स्टीलबरोबर मर्यादा ३० मीटरच धरा आणि चोक अर्ध्याच्या वर नेऊ नका. मेंढ्या चरतात त्या रानात प्लास्टिकचा वॉड (काडतुसातलं छर्‍यांमागचं बूच) टाकू नका, स्टीलसाठी विरघळणारे किंवा कुजणारे वॉड मिळतात. हे सगळं लवकर शिकून घ्या, कारण ब्रिटिश सरकारनं जुलै २०२५ मध्ये शिशाच्या छर्‍यांवर बंदी जाहीर केली आहे, तीन वर्षांच्या संक्रमणकाळानंतर ती लागू होणार.

कायदेपंडित_नाही
तांत्रिक बाबींआधी परवान्याचं एकदा नीट. इंग्लंडमध्ये सगळे वन्य पक्षी १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याखाली संरक्षित आहेत, कावळासुद्धा. ‘कावळा म्हणजे उपद्रवी, मारला तरी चालतो’ असं काही नाही. तुम्ही जे करता ते जीएल ४२ या सर्वसाधारण परवान्याखाली, आणि तो फक्त पशुधन, पिकं वगैरेंचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी आहे. अर्ज करावा लागत नाही, पण अटी पाळाव्या लागतात. मुख्य अट: आधी बिगर-मारक उपाय केलेले असावेत आणि चालू ठेवलेले असावेत. कोणत्या तारखेला काय केलं, किती कोकरं गेली, हे शेतकऱ्याच्या वहीत लिहिलेलं असू द्या. हे परवाने किती कच्चे असू शकतात ते एप्रिल २०१९ मध्ये दिसलं: कायदेशीर आव्हानानंतर नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्ग संस्थेनं जुने तीन परवाने एका फटक्यात मागं घेतले. तेव्हा दरवर्षी नवा मजकूर वाचा. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडचे परवाने वेगळे.

आणि त्याच कायद्याचं कलम ५: पक्षी मारण्यासाठी ध्वनिमुद्रण वाजवून बोलावणं बेकायदा. फोनवरून कावकाव लावणं यातच आलं. बांधलेला जिवंत पक्षीही डिकॉय म्हणून चालत नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत इलेक्ट्रॉनिक कॉलर (मुद्रित हाका वाजवणारी यंत्रं) चालतात, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून लोक इथं घोटाळा करतात. तोंडानं फुंकायची शिट्टी चालते.

बांधावरून
शिट्टी आहे. किती वाजवायची?

रूक_नव्हे_क्रो
तुम्हाला वाटतं त्याच्या एक चतुर्थांश. लांबवर कावळा दिसला तर तीन-चार संथ ‘काऽव’, मध्ये सेकंदाचं अंतर. तो वळला की गप्प. घाईघाईत, कर्कश, एकावर एक आवाज म्हणजे धोक्याची किंवा चढाईची हाक, ती फक्त नकली घुबड लावलं असेल तेव्हा वापरायची. शिट्टीची पाती ओली झाली की बदकासारखा आवाज निघतो, म्हणून दर थोड्या वेळानं झटकायची.

सावली
घुबडाचा विषय निघालाच आहे तर: शृंगी घुबडाची प्रतिकृती मार्च-एप्रिलमध्ये डिकॉयपेक्षाही जास्त चालते, कारण घरटं करणारी जोडी घुबडाला सहन करत नाही. दीड-दोन मीटर उंचीच्या खांबावर, झाडांपासून १५-२० मीटर मोकळ्यात, आणि त्याच्याकडे तोंड करून दोन कावळे २-३ मीटरवर. एक खांबावर, एक जमिनीवर. तिसरा नको.

मुरघास
सावलीताई, एक दिवस चालतं, दुसऱ्या दिवशी निम्मं, तिसऱ्या दिवशी कावळे घुबडाच्या डोक्यावर बसतात. 🙂 यावर विसंबू नये.

सावली
पहिल्या दिवसाचा फायदा घ्यायचा आणि घुबड पोत्यात घालून घरी न्यायचं. रात्रभर रानात ठेवलं म्हणूनच ते बुजगावणं बनतं. शिवाय कावळे घुबडावर झाडाच्या शेंड्यावरून सरळ झेप घेतात, वेगानं येतात, नेम घाईचा होतो, हे मान्य. आणि बझर्डही त्यावर येतो, केस्ट्रेलही. दोन्ही शिकारी पक्षी, दोन्ही संरक्षित. घुबड लावलं की आधी पक्षी ओळखा, मग बंदूक खांद्याला.

रूक_नव्हे_क्रो
ओळखीवर थोडं थांबूया, इथं चुका होतात. प्रौढ रूकचं चोचीभोवतीचं कातडं उघडं, राखाडी-पांढरं. पायांवर ढगळ विजारीसारखी पिसं. पण रूकच्या पिल्लाचा चेहरा पहिल्या वर्षात काळ्या पिसांचा असतो, त्यामुळे तो क्रोसारखा दिसतो. चोच बघा: रूकची सरळ, टोकदार, क्रोची जाड, वरून वळलेली. कावळ्याच्याच कुळातले बाकीचे: जॅकडॉ लहान, मानेमागं करडा, डोळा फिकट. रेव्हन क्रोपेक्षा खूप मोठा, शेपूट पाचरीच्या आकाराची, आवाज खोल घशातला. तो कधीच मारायचा नाही. किनाऱ्याच्या भागात चफ, लाल चोच, लाल पाय, तोही नाही. शंका आली तर पक्षी जाऊ द्या.

लपणवाला
डिकॉयच्या चमकेबद्दल कोणी बोललं नाही. पहाटे दवात ओलं प्लास्टिक आरशासारखं चकाकतं. खऱ्या पिसांवर निळी-जांभळी झाक असते, पण ती तुकड्यातुकड्यांत, हलती. प्लास्टिकच्या पाठीवर एकच पांढरा पट्टा पडतो आणि तो २०० मीटरवरून दिसतो. हिमकण पडले तर अजून वाईट: पांढऱ्या पाठीचे कावळे. खिशात जुनं फडकं ठेवा आणि उजाडायच्या आत सगळ्यांच्या पाठी पुसून काढा.

कायमचा उपाय म्हणजे मखमली लेप. घरी करता येतो. डिकॉय कोमट पाण्यानं धुऊन वाळवा. २४० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासा, नाहीतर लेप चार दिवसांत सालपटासारखा निघतो. चोच आणि पायांवर चिकटपट्टी लावा. मग काळा संथ वाळणारा डिंक, आधी एक बाजू, ब्रशनं सारखा. जाड थर दिला की खाली ओघळतो आणि तिथं टक्कल पडतं. लगेच चाळणीतून काळी फ्लॉक पावडर (बारीक तंतूंचा भुगा) भरपूर पाडा, तासाभरानं उलटा करून दुसरी बाजू. २४ तास हात लावू नका. मग झटका, उरलेली पावडर कागदावर गोळा होते, ती परत डब्यात. मास्क लावा, ती पावडर नाकात जाते.
घाई असेल तर फळ्याला लावतात तो मंद काळा रंग, दोन पातळ हात. मखमलीइतका नाही, पण चकाकणाऱ्यापेक्षा शंभरपट बरा. आणि डिकॉय एकमेकांवर घासतील असे पिशवीत कोंबू नका, प्रत्येकाला जुना मोजा चढवा.

काडतूस_काका
मोजा! ही खरी कामाची गोष्ट.

बांधावरून
पहिला पडला की लगेच उचलायचा की पडू द्यायचा?

मुरघास
पोटावर, पंख मिटून पडला तर राहू द्या, तो डिकॉयच आहे. पाठीवर, पाय वर, पंख पसरून पडला तर आकाश रिकामं दिसताच उचला. उलटा पडलेला कावळा ही कावळ्यांच्या जगातली सगळ्यात मोठी धोक्याची पाटी. मेलेल्याभोवती जमून ते जागा आणि माणूस दोन्ही लक्षात ठेवतात. सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांच्या चमूनं २००६ मध्ये एक मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढं कित्येक वर्षं त्या मुखवट्याला बघून कावळे कल्ला करत होते, पकडले न गेलेलेसुद्धा. ती अमेरिकन जात, पण कॅरियन क्रो काही भोळा नाही. चेहऱ्यावरची जाळी लपणातून बाहेर येतानाही काढू नका, ती याचसाठी.
जखमी पडला तर दुसऱ्या नळीचा बार लगेच, वाट बघायची नाही. मेलेला पक्षी मांडणीत वापरायचा असेल तर हनुवटीखाली १५ सेंटिमीटरची टोकदार काटकी, डोकं वाऱ्याकडे, पंख अंगाशी.

कायदेपंडित_नाही
आमिष म्हणून मेलेलं कोकरू वापरण्याचा मोह होईल. नको. मेलेली जनावरं उघड्यावर ठेवायला परवानगी नाही, शेतकऱ्याला त्यांची रीतसर विल्हेवाट लावावी लागते. रानात मारलेला ससा चालतो: पोट उघडून ठेवा, दोन कावळे मीटरभर लांब उभे, एक नकली मॅगपाय (काळा-पांढरा, कावळ्याच्याच कुळातला पक्षी) थोडी मागं. गवतात कोंबडीची तीन अंडी हेही कॅरियन क्रोला लांबून दिसतं.

सावली
मुळात बंदूक मेंढ्यांच्या रानात नकोच. आवाजानं मेंढ्या बिथरतात, नुकती व्यालेली आई कोकराला सोडून पळते, आणि वाचवायला आलात तेच जातं. छर्रे पडण्याची जागाही तिथं सुरक्षित नाही. ओकच्या रातथाऱ्याकडून मेंढ्यांकडे जायची वाट दोन सकाळ बघून काढा आणि त्या वाटेवर, दोन रानं अलीकडे मांडा. पाऊलवाट कुठून जाते ते नकाशात आधी बघा. मेंढ्यांजवळच काम करायचं असेल तर १२ फूट-पाउंडची एअर रायफल, मागं जमिनीचा उतार, २५ मीटरच्या आत, बसलेल्या कावळ्याच्या डोक्यावर.
आणि शेतकऱ्याला सांगा: वार रोज सकाळी उचला, कमजोर कोकरं आणि जुळी पहिले दोन दिवस गोठ्यात. कावळे येतात ते वारेसाठी, कोकराची सवय नंतर लागते.

लपणवाला
अगदी. शिवाय एकाच लपणातून दोन-तीन सकाळींपेक्षा जास्त बसू नका, मग दोन आठवडे ती जागा सोडा. दुसऱ्यांदा मांडताना डिकॉय तेच चालतील, लपणाची जागा नाही. आणि पहिला टेहळणी करणारा कावळा ५० मीटरवरून घिरटी घालत असेल तर सोडून द्या, हलू नका. चुकलेला बार म्हणजे सगळ्या परिसराला दिलेली दवंडी.

शेवटच्या सकाळी, काम संपल्यावर, मारलेला एक कावळा उलटा लटकवून मेंढ्यांच्या रानात ठेवा. मांडणीत जे सगळं बिघडवतं तेच इथं राखण करतं. दर तीन-चार दिवसांनी जागा बदला, नाहीतर त्याचंही घुबड होतं. हातमोजे घाला, बर्ड फ्लू आहे. आपोआप मेलेला पक्षी तर उचलूच नका.

बांधावरून
म्हणजे: यंत्र बाद, बाराचे चार, डिकॉय २५ च्या आत, मागची जाळी दुहेरी, छप्पर, आणि मेंढ्यांपासून दोन रानं लांब. एक राहिलं: घुबडाची मान हलवायला दोरी बांधतात म्हणे, ती किती लांब?

सावली
लपणापासून खांबापर्यंत जेवढं अंतर त्यावर दोन मीटर जास्त, म्हणजे २२-२५ मीटर. हिरवी वेणीची मासेमारीची दोरी घ्या, नायलॉनची एकेरी तार उन्हात चमकते. गवतातून जमिनीलगत न्या, खांबाच्या बुडाशी तंबूच्या खिळ्यातून ओवून वर. ओढ हळू, दर पाच-सहा मिनिटांनी एकदाच. आणि कावळा झेप घेतोय तेव्हा अजिबात नाही, कारण तेव्हा दोन्ही हात बंदुकीवर हवेत.